नव्या ध्वनिमुद्रिका कशा निवडाव्यात? : जाझ, देशोदेशींचे ठेक्याचे संगीत आणि चित्रपटसंगीत यांच्या रसिकांसाठी

पिंपळपारावरची पाडवा पहाट आणि कालिदास कलामंदिरातील नाट्यगीतांच्या मैफिली यांत ज्यांचे कान घडले, आणि 2008 पासून गंगापूरच्या द्राक्षमळ्यांत भरत आलेल्या सुला फेस्टमुळे ज्यांच्या घरातील तरुणांच्या ओठी परदेशी वाद्यवृंदांची नावे रुळली, अशा नाशिककर रसिकांकडून एकच पृच्छा वारंवार होत असते : नवे जाझ, आफ्रिकेकडचे ठेकेदार संगीत आणि नव्या चित्रपटांची गीते यांपैकी नेमके काय ऐकावे, कोणत्या क्रमाने ऐकावे आणि पैसे कशावर खर्च करावेत?

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर जाणकार विक्रेता देत असे. मुंबईस गेलेला रसिक काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये उभ्याउभ्या काही ऐके, चार शब्दांचा सल्ला घेई आणि मगच पैसे मोजी. ते दुकान 2016 मध्ये बंद झाले. आज जगातील बहुतेक संगीत हातातील फोनवर उपलब्ध असताना सल्ला देणारे माणूस मात्र समोर उरले नाही, आणि यंत्राने सुचविलेली यादी बहुधा आपण काल जे ऐकले त्याच्याच जवळपास घोटाळत राहते. म्हणून निवडीची जबाबदारी आता आपल्याकडे आली आहे. ती पार पाडण्याचा मार्ग आमच्या मते एकच : प्रसिद्धीच्या याद्या बाजूस ठेवून, आपल्या परिचयाच्या एखाद्या कलावंताचा, वाद्याचा किंवा ठेक्याचा धागा धरावा, एका वेळी एकच अल्बम घ्यावा आणि तो आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावा.

हे संगीत आपल्याला परके आहे काय?

“आम्हांला जाझमधले काही कळत नाही,” असे अनेक वाचक आरंभीच सांगून टाकतात. हा संकोच निष्कारण आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्यास 1918 मध्ये जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, ‘शहनाई’ (1947) आणि ‘अलबेला’ (1951) या चित्रपटांच्या द्वारे जाझचे आणि लॅटिन अमेरिकेचे ठेके घरोघर पोहोचविले, आणि त्यांच्या वाद्यवृंदात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारखे, रात्री हॉटेलांतून जाझ वाजविणारे कसलेले वादक होते. 1960 च्या दशकात लंडनमध्ये जो हॅरियट आणि जॉन मेयर यांनी ‘इंडो-जाझ सूट’ (1966) सिद्ध केला, त्यात तबल्यावर केशव साठे होते. आणि तालवादक त्रिलोक गुर्टू यांच्या ‘उस्फ्रेट’ (1988) या अल्बममध्ये त्यांच्या मातोश्री, ठुमरीच्या थोर गायिका शोभा गुर्टू, यांचा स्वर आहे. तात्पर्य, या संगीताशी मराठी कानाचा परिचय जुनाच आहे.

निवडीपुरते एवढेच ध्यानात ठेवावे की आपल्या मैफिलीत तंबोऱ्याचा आधार स्थिर असतो आणि गायक त्यावर राग उलगडतो, तर जाझमध्ये पियानो किंवा गिटार यांचे स्वरसंघात पुढे सरकत राहतात आणि वादकास त्या बदलत्या आधारावर आयत्या वेळी विस्तार करावा लागतो. रचना पुष्कळदा 12 किंवा 32 मापांच्या आवर्तनात बांधलेली असते : प्रथम मूळ धून, मग एकेका वादकाचा विस्तार आणि शेवटी पुन्हा धून. सम धरावयाची सवय असलेल्या श्रोत्याने पहिल्या मिनिटातील धून मनात ठेवली, तर मधला विस्तार त्यास दिशाहीन वाटणार नाही.

निवडीच्या पाच पायऱ्या

1. धागा निश्चित करा. ‘कट्यार काळजात घुसली’ (2015) या चित्रपटाचे संगीत आवडले असेल, तर त्याच शंकर–एहसान–लॉय या त्रयीचे ‘संगीत मानापमान’ (2025) ऐकावे. त्या त्रयीतील शंकर महादेवन ज्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदात गायले, त्याचा ‘धिस मोमेंट’ (2023) त्यानंतर घ्यावा, आणि तेथून त्याच वाद्यवृंदातील जॉन मॅकलॉफलिन यांच्या गिटारचा माग घेत जाझकडे वळावे. नाट्यगीतापासून जाझपर्यंतचा हा प्रवास चार पावलांचा आहे.

2. वादकांची नावे वाचा. जाझमध्ये अल्बमच्या नावापेक्षा कोण काय वाजवीत आहे, यावर फलश्रुती अवलंबून असते. एखाद्या अल्बममधील ड्रमवादक आवडला, तर तो अन्य कोणाबरोबर वाजवितो याचा शोध घेणे हीच पुढची शिफारस समजावी.

3. ध्वनिमुद्रणाचे वर्ष तपासा. प्रकाशनाचे वर्ष आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष यांत कधी कधी अर्धशतकाचे अंतर असते. याचा खुलासा पुढे केला आहे.

4. साधनाची तजवीज करा. डबल बासची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झ इतक्या कंपनसंख्येची असते आणि फोनचा चिमुकला स्पीकर तो स्वर उमटवूच शकत नाही. आफ्रिकी ठेक्यांचे आणि जाझचे अर्धे बळ या खर्जात असल्यामुळे, महागडी यंत्रणा नसली तरी तारेचा साधा चांगला हेडफोन आवश्यक आहे.

5. तीन श्रवणांनंतर निर्णय घ्या. पहिल्या वेळी केवळ ऐका, दुसऱ्या वेळी एकाच वाद्याकडे लक्ष द्या, तिसऱ्या वेळी ते वाद्य इतरांना कसे उत्तर देते ते पाहा. त्यानंतरही मन रमले नाही, तर तो अल्बम निःसंकोच सोडून द्यावा.

जाझ : प्रारंभ कोठून करावा?

पुढील अल्बम 2023 मध्ये किंवा त्यानंतर प्रसिद्ध झालेले आहेत. प्रत्येकापुढे तो कोणत्या श्रोत्यास मानवेल, हे नमूद केले आहे.

- तबला-बासरीच्या रसिकांसाठी : ‘ॲज वी स्पीक’ (2023). झाकीर हुसेन, बेला फ्लेक, एडगर मायर आणि बासरीवर राकेश चौरसिया. या अल्बममधील ‘पश्तो’ या रचनेस आणि संपूर्ण अल्बमसही 2024 मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभले, आणि त्याच वर्षी ‘धिस मोमेंट’ला सर्वोत्तम ग्लोबल म्युझिक अल्बमचा मान मिळाला. 15 डिसेंबर 2024 रोजी झाकीरभाई निवर्तले. त्यांच्या उत्तरायुष्यातील वादनाचा हा दस्तऐवज प्रत्येक घरी असावा, असे आम्हांला मनापासून वाटते.
- विलंबित लयीच्या रसिकांसाठी : सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांचा ‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’ (2024). आपल्या 86व्या वाढदिवशी त्यांनी तो प्रसिद्ध केला. पियानोवर जेसन मोरान, बासवर लॅरी ग्रेनेडिअर आणि ड्रमवर ब्रायन ब्लेड आहेत. अल्बम दीर्घ आहे. दोन बैठकींत ऐकावा.
- फुंकीच्या वाद्यांच्या रसिकांसाठी : शबाका यांचा ‘परसीव्ह इट्स ब्यूटी, ॲक्नॉलेज इट्स ग्रेस’ (2024). सॅक्सोफोन बाजूस ठेवून त्यांनी जपानी शाकुहाचीसारख्या बासऱ्यांवर हा अल्बम उभारला आहे.
- लयीच्या हिशोबात रस असलेल्यांसाठी : पियानोवादक विजय अय्यर यांचा ‘कम्पॅशन’ (2024), लिंडा मे हान ओ आणि टायशॉन सोरी यांच्यासह. हा पहिला जाझ अल्बम म्हणून घेऊ नये. इतर दोन-तीन ऐकून झाल्यावर घ्यावा.
- गझल आणि कीर्तनपरंपरेच्या रसिकांसाठी : अरूज आफताब यांचा ‘नाइट रेन’ (2024), ज्यात दख्खनी हैदराबादच्या कवयित्री माह लका बाई चंदा यांच्या उर्दू काव्याचाही आधार घेतला आहे, आणि तमिळ हरिकथेच्या संस्कारात वाढलेल्या गानव्या यांचा ‘डॉटर ऑफ अ टेंपल’ (2024), ज्यात ॲलिस कोल्ट्रेन यांच्या भक्तिसंगीताचे स्मरण आहे. सामूहिक नामस्मरणाची सवय असलेल्या श्रोत्यास हा दुसरा अल्बम फार लवकर आपलासा वाटेल.

देशोदेशींचे ठेक्याचे संगीत

या विभागात गोंधळ सर्वाधिक होतो. कारण दुकानांच्या आणि ॲपच्या वर्गवारीत परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक परंपरा एकाच शीर्षकाखाली कोंबलेल्या असतात. म्हणून खंडाचे नाव न पाहता ठेक्याचे कूळ पाहावे.

- वाळवंटी गिटार : सहाराच्या तुआरेग समाजाचे संगीत. मालीतील टिनारिवेन यांचा ‘अमात्सू’ (2023) संथ आणि घरगुती बैठकीचा आहे. नायजरच्या म्दू मोक्तार यांचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ (2024) वेगवान आणि क्षुब्ध आहे. प्रथम टिनारिवेन ऐकावे.
- इथिओपियाचे जाझ : मुलातू अस्ताटके हे या शैलीचे प्रवर्तक. ‘मुलातू प्लेज मुलातू’ (2025) या अल्बममध्ये त्यांनी आपल्याच जुन्या रचना नव्याने मांडल्या आहेत. पाच स्वरांच्या त्यांच्या चाली भूप-दुर्गा ऐकणाऱ्या कानाला पटकन पकडता येतात.
- लंडनचा नवा ठेका : एझ्रा कलेक्टिव्ह यांस 2023 मध्ये मर्क्युरी पारितोषिक मिळाले, ते मिळविणारा हा पहिला जाझ वाद्यवृंद. त्यांचा ‘डान्स, नो वन्स वॉचिंग’ (2024) समारंभात लावण्यास योग्य. नुबाया गार्सिया यांचा ‘ओडिसी’ (2024) त्याच वर्तुळातील, परंतु तंतुवाद्यांच्या समूहामुळे अधिक गंभीर आहे.
- सौम्य, पार्श्वभूमीस चालणारे : टेक्सासच्या क्रुआंगबिन यांचा ‘आ ला साला’ (2024). घरात पाहुणे असताना किंवा वाचनाच्या वेळी हा कोणासही खुपणार नाही.
- आपल्या मातीशी नाते सांगणारे : तालवादक सारथी कोरवार यांचा ‘कलाक’ (2022), आणि त्याआधी गुजरातमधील सिद्दी वादकांना सोबत घेऊन केलेला ‘डे टू डे’ (2016). दुसरा नवा नसला तरी पहिल्याची वाट तोच दाखवितो.

चित्रपटसंगीत

येथे प्रथम ठरवावे की आपल्याला गीते हवी आहेत की पार्श्वसंगीत. दोन्हींचे श्रवण भिन्न आहे आणि पुष्कळदा दोन्हींचे अल्बमही भिन्न असतात.

- ‘गोदावरी’ (2022) : नाशिकच्या घाटावर आणि नदीकाठच्या वाड्यात घडणाऱ्या या मराठी चित्रपटाचे संगीत ए. व्ही. प्रफुल्लचंद्र यांचे आहे. गीते जितेंद्र जोशी यांची असून त्यांत राहुल देशपांडे यांचा स्वर आहे. रामकुंडाजवळ वाढलेल्या कोणाही वाचकाने निदान एवढा अल्बम पुरा ऐकावा.
- ‘संगीत मानापमान’ (2025) : खाडिलकरांचे मूळ नाटक 1911 चे आणि त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. चित्रपटातील संगीत ऐकण्यापूर्वी मूळ पदांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्यास नव्याचे मूल्यमापन न्याय्य होईल.
- ‘अमरसिंग चमकिला’ (2024) : ए. आर. रहमान आणि इर्शाद कामिल. पंजाबी आखाड्याचा ठसका आणि शोकात्म वृत्ती यांचा विलक्षण मेळ येथे आहे.
- ‘सिनर्स’ (2025) : लुडविग गोरान्सन यांचे संगीत. अमेरिकी ब्लूज म्हणजे जाझचे मूळ पीठ. ते समजून घेण्यास हा उत्तम दरवाजा आहे.

कोठे ऐकावे, कोठे विकत घ्यावे?

- वर्गणीची ॲप : स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, जिओसावन इत्यादी. चाचपणीसाठी उत्तम, परंतु येथे आपण संगीत विकत घेत नाही, केवळ ऐकण्याची मुभा घेतो. प्रकाशकाने करार मोडल्यास अल्बम एका रात्रीत नाहीसा होऊ शकतो. 320 केबीपीएस दर्जात एक तास ऐकल्यास सुमारे 144 एमबी डेटा खर्च होतो, याचाही जमाखर्च मांडावा.
- थेट खरेदी : बँडकॅम्पसारख्या ठिकाणी खरेदीपूर्वी अल्बम ऐकता येतो, फाइल आपल्या मालकीची होते आणि किमतीचा मोठा भाग कलावंतास पोहोचतो. छोट्या वाद्यवृंदांच्या बाबतीत आम्ही याच मार्गाचा आग्रह धरू. देय रक्कम परकीय चलनात असल्याने कार्डावर परदेशी व्यवहारांची मुभा आधी सुरू करून घ्यावी.
- तबकडी किंवा सीडी : लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूस साधारण 20 ते 22 मिनिटांचे संगीत मावते, दीर्घ अल्बम त्यामुळे दोन तबकड्यांचा आणि महाग होतो. परदेशातून मागविल्यास टपालखर्चाशिवाय सीमाशुल्क आणि जीएसटी लागू शकतो. विक्रेत्याने दाखविलेली किंमत अंतिम समजू नये.
- प्रत्यक्ष मैफिली : मुंबईच्या एनसीपीएमध्ये जाझचे कार्यक्रम होत असतात. नाशिकला परतणारी पंचवटी एक्स्प्रेस मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि मैफिली रात्री संपतात. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी मुक्कामाची किंवा परतीच्या वाहनाची व्यवस्था करावी.

फसगतीच्या जागा

- जुने ते नव्या वेष्टनात : जॉन कोल्ट्रेन यांचा ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याचे ध्वनिमुद्रण 1963 चे, ॲलिस कोल्ट्रेन यांच्या कार्नेगी हॉलमधील मैफिलीचा अल्बम 2024 चा, पण मैफील 1971 ची. दोन्ही अमूल्य आहेत. मात्र आजच्या जाझची वार्ता त्यांत शोधू नये.
- एका चित्रपटाचे दोन अल्बम : ‘सिनर्स’चा गीतांचा अल्बम वेगळा आणि पार्श्वसंगीताचा वेगळा. खरेदीपूर्वी पूर्ण शीर्षक वाचावे.
- पडद्यावर ऐकले ते अल्बममध्ये नसणे : ‘चमकिला’त पडद्यावर गायिलेली मूळ गायक चमकिला यांची गीते आणि रहमान यांच्या अल्बममधील गीते या दोन निराळ्या गोष्टी आहेत.
- अनेक संगीतकारांचा अल्बम : ‘सैयारा’ (2025) प्रमाणे एकाच चित्रपटात अनेकांच्या चाली असतात. एका गीतावरून संपूर्ण अल्बमचा अंदाज बांधू नये; ज्याची चाल आवडली त्याचे नाव पाहून पुढे जावे.
- पुरस्काराची मोहर : पुरस्कार हा परिचयाचा आरंभ मानावा, आपल्या आवडीचा निवाडा तो करू शकत नाही.

आपले हक्क

- वर्गणीची आपोआप होणारी वसुली : रिझर्व्ह बँकेच्या 2021 पासून लागू असलेल्या नियमांनुसार, दरमहा आपोआप रक्कम वळती होण्यापूर्वी किमान 24 तास आधी आपणांस सूचना मिळाली पाहिजे, आणि ती संमती केव्हाही मागे घेण्याचा आपणांस अधिकार आहे. विनामूल्य मुदत संपण्याची तारीख टिपून ठेवावी आणि यूपीआयच्या ऑटोपे विभागात जाऊन मंजुरी रद्द झाल्याची खातरजमा करावी. केवळ ॲप काढून टाकल्याने वसुली थांबत नाही.
- सदोष तबकडी : ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत आणि परताव्याच्या अटी स्पष्ट दिल्या पाहिजेत, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. पुडके उघडतानाचे चित्रण आणि पावती जपून ठेवावी. दाद न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, अथवा आपण नाशिकला राहत असल्यास येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवावी. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क लागत नाही.
- सामूहिक श्रवण : प्रतिलिप्यधिकार अधिनियम, 1957 च्या कलम 52 नुसार, निवासी इमारतीतील रहिवाशांच्या सामायिक सभागृहात त्यांच्या सोयीसाठी, किंवा नफ्याच्या हेतूने न चालणाऱ्या मंडळाच्या उपक्रमात ध्वनिमुद्रिका वाजविणे हे उल्लंघन ठरत नाही. हॉटेल किंवा व्यावसायिक जागेस ही सवलत नाही. तेथे रीतसर परवाना हवा. वर्गणीच्या ॲपच्या अटी मात्र बहुधा खाजगी वापरापुरत्याच असतात. म्हणून मंडळासाठी विकत घेतलेली तबकडी किंवा फाइल वापरावी.

श्रवणमंडळ काढावयाचे असल्यास

ज्या नाशिकने 1840 मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आजतागायत जोपासले, त्या नगरात सामूहिक श्रवणाची प्रथा रुजविणे अवघड नाही. सहा-आठ जणांनी महिन्यातून एकदा जमावे, प्रत्येकाने आळीपाळीने एक अल्बम निवडावा आणि त्या निवडीमागचा धागा पाच मिनिटांत सांगावा. एक जुना व एक नवा अल्बम अशी जोडी लावल्यास, ‘अलबेला’ ऐकणारे आजोबा आणि एझ्रा कलेक्टिव्ह ऐकणारी नात एकाच खोलीत बसू शकतील. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये, आणि रात्री दहापूर्वी कार्यक्रम आटोपावा.

ज्यांना इतके सारे एकदम झेपणार नाही, त्यांनी पहिल्या महिन्यात ‘गोदावरी’, दुसऱ्यात ‘ॲज वी स्पीक’, तिसऱ्यात टिनारिवेन आणि चौथ्यात चार्ल्स लॉइड एवढाच क्रम ठेवावा, आणि या चारांपैकी जो मनात घर करील तो अल्बम विकत घ्यावा. रसिकाने मोजलेला पैसा कलावंतापर्यंत पोहोचला, तरच पुढचे संगीत निर्माण होईल.